बारशाला नाव कोणी ठेवलं?

दारात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न आपण विचारायचा, असं आम्हांला प्रशिक्षणात शिकवलं होतं. सगळ्या नोकरीत ते मला एकदाही जमलं नाही. मी चपला काढते न काढते तोच समोरून सुरुवात व्हायची. कुणी पाठवलं? हा कागद पुढं कुठं जाणार? आमचं घर शेजारी विचारून शोधलंत का? एका घरात तर मला मुलगी बघायला आलेल्यांपैकी समजून बशीत केळी आणि चकल्या आणल्या, आणि मी कोण ते कळल्यावर बशी परत आत नेली.

मी म्हैसूरच्या एका रुग्णालयात मनोविकार विभागात सोशल वर्कर होते. शहराला सरकारी कागदांवर अजून मैसूरु म्हणत नव्हते, त्या वेळची ही गोष्ट आहे. विभागात स्किझोफ्रेनियाच्या आनुवंशिकतेचा अभ्यास चालू होता. माझ्याकडे काम होतं वंशावळी काढायचं. रुग्णाच्या घरी जायचं, आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळी माणसं विचारायची आणि मोठ्या कागदावर मांडायची. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. जो आजारी, त्याचा चौकोन किंवा गोल काळ्या शाईनं भरायचा. घरचे तयार असले तर सोबतचा तंत्रज्ञ थोडं रक्त घ्यायचा. ते गोठवून ठेवलं जायचं.

या आजारात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेली कारस्थानं दिसतात, आणि हळूहळू तो घरातल्या घरात परका होतो. आनुवंशिक म्हटलं की लोकांना वाटतं एखादा दोष आईकडून किंवा बापाकडून आला. तसं नसतं. शेकडो बारीक फरक दोन्हीकडून थोडेथोडे येतात, काहींच्या वाट्याला जास्त येतात, आणि जास्त आले म्हणून आजार होतोच असंही नाही. बहुतेक भावंडांना तो होत नाही. मुलांमध्ये तो साधारण कॉलेजच्या वयात डोकं वर काढतो. मुलींमध्ये थोडा उशिरा, आणि काही बायकांमध्ये तर थेट पाळी जायच्या सुमाराला.

आमच्या डॉक्टरबाईंना याच फरकाचं कुतूहल होतं. बाईच्या शरीरातली संप्रेरकं तिला काही वर्षं सांभाळून नेतात का, बाई आजारी पडायला आनुवंशिक ओझं जास्त लागतं का, एकच जनुक बाईत आणि पुरुषात वेगळं वागतं का, असे त्यांचे प्रश्न होते. माझा प्रश्न साधा होता. आमचे तक्ते भिंतीला लावले की काळे चौकोन ठिकठिकाणी दिसत आणि काळे गोल शोधावे लागत. यातलं रक्तातलं किती आणि घरच्यांनी लपवलेलं किती, हा संशय मला पहिल्या वर्षीच आला होता. मुलगा बिघडला तर त्याला धरून आणत, कारण तो कमावणारा. बाई बिघडली की तिचा स्वभावच तसा, किंवा तिच्या अंगात येतं, किंवा ती माहेरी असते.

शहरातल्या चामराजपुरम भागातले कृष्णोजीराव नजरबादच्या एका सरकारी कचेरीत नोकरीला. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते. माझेही होते. घरी आमच्यासारखीच निम्मी कानडी मिसळलेली मराठी. मुलगा प्रकाश एकवीस वर्षांचा, दोन वर्षांपासून आमच्याकडे औषध घेत होता. मुलगी वीणा चोवीस वर्षांची, एम.एस्सी. झालेली, आणि तिचं लग्न ठरत आलेलं. घरात चौथ्या त्यांच्या पत्नी सुभद्राबाई.

मी मराठी आहे हे कळल्यावर ते खूश होतील असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. त्यांनी खुर्ची जरा मागं सरकवली. माझं माहेर कुठलं, सासर कुठलं, त्यांच्या गल्लीतल्या कुणाकुणाला मी ओळखते, आमच्यात लग्नं कुठल्या घराण्यांत झाली आहेत, सगळं विचारलं. त्यांची वंशावळ निघायच्या आधी माझी निघाली. शेवटी ते म्हणाले, "एखादी कानडी बाई पाठवायची होती री. तुम्ही आपल्यातल्या. आपल्यात गोष्ट राहत नाही."

मी नियम समजावले. नावं लिहीत नाही, आकडा लिहितो, कपाट कुलपात असतं. त्यांनी कुलपाची किल्ली कुणाकडे असते ते विचारलं. मग सांगायला सुरुवात केली. दोघे भाऊ, थोरले वारले, त्यांना मूल नाही. बहीण नाही. प्रकाशला लहानपणी डोक्याला मार लागला होता, त्याचं हे. बाकी घराणं स्वच्छ. ते बोलत होते तोवर सुभद्राबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या आणि एकदाही माझ्याकडे बघत नव्हत्या.

अशा वेळी आजाराबद्दल विचारून काही हाती लागत नाही, हे मी शिकले होते. लग्नाचं, बारशाचं, कोण आलं होतं, कोण आलं नव्हतं, ते विचारायचं. कॉफीचे पेले ठेवायच्या निमित्तानं मी स्वयंपाकघरात गेले आणि सुभद्राबाईंना म्हटलं, वीणा हे नाव किती छान, बारशाला कुणी ठेवलं?

"तुंगक्कानं," त्या म्हणाल्या. मग त्यांचा हात थांबला. आपल्याकडे बाळाच्या कानात नाव आत्याच सांगते. ज्या घरात बहीणच नाही, त्या घरात नाव ठेवणारी आत्या होती. त्या हळूच म्हणाल्या, "हे लिहू नका." मी लिहिलं नाही. पण विसरलेही नाही.

तीन आठवड्यांनी त्या प्रकाशला घेऊन औषधाला आल्या आणि मला बाजूला घेऊन एक चिठ्ठी दिली. म्हैसूरजवळच्या पिरियापट्टणचा पत्ता होता. नणंद तिथं मुलाजवळ राहते, पत्र पाठवून ठेवलं आहे, जाऊन बघा, असं त्या म्हणाल्या. आता का सांगताय, हे मी विचारलं. प्रकाशचं दुखणं तुझ्या माहेरचं, असं त्या दोन वर्षं ऐकत आल्या होत्या. त्यांना ते कुठंतरी कागदावर खोडून हवं होतं. मी त्यांना सांगितलं की ते एकाच बाजूचं नसतं. त्यांना माझं बोलणं आवडलं नाही. पण चिठ्ठी त्यांनी परत मागितली नाही.

आजच्या नियमांत असं जाणं बसलं नसतं. तेव्हाही ते नीट बसत नव्हतं. कृष्णोजीरावांना अंधारात ठेवून मी गेले, हे मी डॉक्टरबाईंनासुद्धा नंतर सांगितलं.

पिरियापट्टणच्या बाजूला तंबाखू भट्टीत सुकवायचे दिवस होते. वाटेनं जागोजागी भट्ट्यांच्या उंच खोल्या, आत काठ्यांना बांधलेली पानं, आणि सगळ्या हवेत तो गोडसर, घशाला लागणारा वास. तुंगाबाई भट्टीमागच्या एका वेगळ्या खोलीत राहत. अठ्ठावन्न वर्षांच्या, उंच, नऊवारी स्वच्छ नेसलेल्या. चूल वेगळी, पाणी वेगळं, दाराला आतून दोन कड्या. मुलगा बाहेरच म्हणाला, आईचा स्वभाव आहे तसा, पाळी गेली तेव्हापासून. आधी सगळं घर तीच चालवत होती. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की बायकांना या वयात असं होतं, आपोआप जाईल. बारा वर्षं झाली होती.

त्यांनी मला उंबऱ्याबाहेर बसवलं आणि आतून बघत राहिल्या. मला कृष्णानं पाठवलं का, हे तीनदा विचारलं. नाही म्हटल्यावर बोलू लागल्या. भट्टीचा धूर घरचे मुद्दाम भिंतीतून त्यांच्याकडे वळवतात. धुरात पूड घालतात. रस्त्यानं जाणारी माणसं त्यांच्या मनातलं मोठ्यानं बोलतात. आणि मग, त्याच सुरात, "चामराजपुरमात मी मेलेली आहे. माझा भाऊ मी मेले म्हणून सांगतो. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. धूर, पूड, माणसं, भाऊ, चारही एकाखाली एक, 'खोट्या समजुती' या रकान्यात. इतकी वर्षं हे काम केल्यावर हात आपोआप चालतो. रक्त द्यायला त्या तयार झाल्या नाहीत. त्यांच्या रक्ताचं आम्ही काय करणार, हे त्यांनी विचारलं, आणि मी दिलेलं उत्तर त्यांना पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते सांगताना कच्चं वाटलं होतं.

दोन आठवड्यांनी एक गृहस्थ विभागात आले. मी प्रकाशचा मामा, त्याची फाइल बघायची आहे, म्हणाले. सुभद्राबाईंना भाऊ नाही हे मला तक्त्यामुळं माहीत होतं. मी त्यांना खुर्ची दिली आणि नुसती बघत राहिले. थोड्या वेळानं त्यांनीच सांगितलं की ते वीणाला सांगून आलेल्या मुलाचे मामा. मुलीकडचे सांगतात त्यावर त्यांचा भरवसा नव्हता. हा आजार मुलांचा असतो, मुलींना होत नाही, असं कृष्णोजीरावांनी त्यांना सांगितलं होतं. खरं का? मी म्हटलं, मी कुणाच्याही घराबद्दल बोलत नाही. ते उठता उठता म्हणाले, "घराणं लहान आहे म्हणतात. दोघे भाऊ आणि एक बहीण, ती तरुणपणीच काविळीनं गेली."

ते गेल्यावर मी तुंगाबाईंचा कागद काढला. चौथी ओळ खोडली आणि बाजूला लिहिलं, हे खरं आहे. पण त्या कागदाची एक प्रत आधीच डॉक्टरांकडच्या फाइलीत गेली होती. ती काढून दुरुस्त करायला हवी होती. मी ते उद्यावर टाकलं, आणि मग राहून गेलं.

त्याच आठवड्यात वीणा आली, एकटीच. सरळ, हुशार मुलगी. तिनं वाचून काढलं होतं, इंटरनेट कॅफेत बसून. प्रकाशला एकोणिसाव्या वर्षी झालं, मी चोवीसची, म्हणजे मी सुटले का, हे तिनं विचारलं. मी जे सगळ्यांना सांगत असे तेच सांगितलं. बहुतेक भावंडांना होत नाही. मुलींना होत असेल तर उशिरा होऊ शकतं. रक्त तपासून कुणाला होईल हे कुणी सांगू शकत नाही.

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "अक्का, आमच्या घरात कुठल्या बाईला झालंय?"

आता इथं मी काय केलं ते नीट सांगते, कारण त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. एका नातेवाइकानं सांगितलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. तो मी मोडला नाही. पण पाळलाही नाही. मी म्हटलं, "तुझं नाव बारशाला कुणी ठेवलं, ते आईला विचार."

ती उठली. मग आभार न मानता निघून गेली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं. वीणा पिरियापट्टणला गेली. उंबऱ्याबाहेर दोन दिवस बसली, तेव्हा आत्यानं तिला आत घेतलं. परत येऊन तिनं लग्न ठरलेल्या मुलाला स्वतः सगळं सांगितलं. आठ दिवसांत त्यांच्याकडून नकार आला.

कृष्णोजीराव विभागात आले ते छत्री हातात घेऊन, पाऊस नसताना. मी सांगितलं नाही, एवढंच मी म्हणत राहिले. ते म्हणाले की मराठी बाई आली त्याच दिवशी हे असं होणार ते त्यांना कळलं होतं. मग त्यांनी संमती मागं घेतली. अभ्यासातल्या माणसाला तो हक्क असतो. त्यांच्या घराचा सगळा तक्ता, प्रकाशच्या रक्ताची नळी, माझ्या नोंदी, सगळं त्यांच्यासमोर नष्ट केलं. तुंगाबाईंचा कागदही त्याच संचात होता, तोही गेला, माझ्या दुरुस्तीसकट. आमच्या मोजणीतून एक पुरुष गेला आणि एक बाई गेली. पुरुष आम्हांला आणखी पुष्कळ मिळाले. त्या वयात आजारी पडलेली बाई पुढं दोन वर्षं मिळाली नाही. आपल्याकडे बायकांना हा आजार कमी, असं कुणी म्हटलं की मी अजूनही विचारते, कुणी मोजलं, आणि कुणाला विचारून?

वीणा आत्याला आमच्याकडे घेऊन आली. दोन महिने दाखल ठेवावं लागलं. धूर पहिल्यांदा गेला. मग पूड गेली. रस्त्यावरची माणसं गप्प झाली. पण भावानं मला मेलेली ठरवलं आहे, हे त्या रोज राउंडला सांगत. नव्यानं आलेल्या एका डॉक्टरनं फाइल उघडली. त्यात नष्ट करायची राहिलेली ती जुनी प्रत होती, आणि तिच्यात माझ्याच अक्षरात ती ओळ, खोट्या समजुतींत चौथी. एवढी समजूत औषधाला दाद देत नाही म्हणून त्यानं मात्रा वाढवली. तुंगाबाईंचे हात थरथरू लागले, पेला धरता येईना, जीभ जड झाली. मी त्या दिवसांत दुसऱ्या कामावर होते. वीणानं येऊन सांगितलं तेव्हा मला कळलं की हे माझ्या अक्षरामुळं झालं आहे. मी डॉक्टरबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं, उद्यावर टाकलेल्या दुरुस्तीसकट. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की मग भावाला बोलवा.

कृष्णोजीराव यायला तयार नव्हते. सुभद्राबाईंनी त्यांना आणलं. दोघं भाऊ-बहीण वॉर्डाच्या व्हरांड्यात बाकावर बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. मी आणि तो डॉक्टर जवळच उभे होतो. 

"कृष्णा," तुंगाबाई म्हणाल्या, "मी मेले असं तू सांगितलंस ना?"

ते जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, नाही म्हणतील, आणि मग आमच्यापैकी कुणाचंच काही चालणार नाही.

"हौदु, अक्का," ते म्हणाले. "सांगितलं."

तुंगाबाईंनी आमच्याकडे वळून बघितलं. "लिहून घ्या," त्या नव्या डॉक्टरला म्हणाल्या. त्यानं तिथंच उभ्यानं फाइलीत लिहिलं आणि संध्याकाळपासून मात्रा कमी केली.

त्यानंतर कृष्णोजीराव दर महिन्याला त्यांना बघायला पिरियापट्टणला जात, असं मी ऐकलं. माझ्याशी मात्र ते पुन्हा कधी बोलले नाहीत. लग्नकार्यात भेटले तर बाजूनं जात. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. मी त्यांच्या मुलीचं एक लग्न मोडलं, हे त्यांच्या बाजूनं खरंच आहे, आणि त्यांच्या बहिणीचे हात माझ्या एका ओळीमुळं थरथरले, हे तर त्यांना माहीतही नव्हतं.

प्रकाश औषधावर ठीक राहिला. झेरॉक्सच्या दुकानात काम करतो. तुंगाबाई सत्तरी ओलांडून गेल्या, झोपेत. शेवटपर्यंत पाणी त्यांचं त्याच भरत, पण दाराच्या कड्या काढून टाकल्या होत्या.

मागच्या दिवाळीच्या आधी वीणा माझ्याकडे आली. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिशी उलटल्यावर तिनं तिच्याबरोबर शिकवणाऱ्या एकाशी लग्न केलं, सगळं सांगून. एक मुलगी आहे. फराळाचा डबा घेऊन आली होती. आम्ही आत्याबद्दल बोललो, तिच्या आईबद्दल बोललो. मग ती म्हणाली की यंदा तिला शेहेचाळीसावं लागलं. आत्याला त्याच वर्षी सुरू झालं होतं.

मी म्हटलं, बहुतेकांना होत नाही.

"ते मला पाठ आहे," ती म्हणाली. घरात काय होतं ते मग तिनं सांगितलं. शेजारची बाई आपल्याबद्दल काही बोलत होती असं ती घरात म्हणाली, की नवरा उत्तर द्यायच्या आधी क्षणभर तिच्या डोळ्यांत बघतो. चांगला माणूस आहे. त्याला कळतसुद्धा नाही की तो बघतो. म्हणून आता असं काही वाटलं तरी ती सांगत नाही. आणि न सांगणं हेच आजाराचं पहिलं लक्षण असतं का, हे तिला माझ्याकडून हवं होतं.

मी तिला काहीतरी उत्तर देत होते. झोप कशी आहे, जेवण कसं आहे, कामात लक्ष लागतं का, असं सहज विचारल्यासारखं विचारत होते. ती नीट उत्तरं देत होती. साडीची निरी सरळ होती. नखं कापलेली होती. बोलताना मध्येच थांबून ती कशाकडे कान देत नव्हती. डोळे माझ्यावरच होते.

"बघून झालं का, अक्का?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग?"

"काही नाही," मी म्हटलं. "तू ठीक आहेस."

ते खरं होतं. आजही मी तेच सांगेन. तिनं डबा उचलून माझ्या हातात दिला आणि ती जायला उठली. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही.